लॅम्डाचा रकाना

पीयूसीचा कागद हातात आला की आपण दोनच गोष्टी पाहतो: गाडी पास झाली का आणि मुदत कधीपर्यंत आहे. मग तो कागद गाडीच्या कप्प्यात जातो आणि पोलिसाने हात केल्याशिवाय बाहेर येत नाही. त्या कागदावर 'लॅम्डा' नावाचा एक रकाना असतो. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांचं इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास धरून ठेवतात, आणि तेव्हा त्या रकान्यात ०.९७ ते १.०३ च्या मधला आकडा यावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात बुलढाण्यात माझ्या जुन्या हॅचबॅकचा आकडा आला ०.९४. मशीनवरच्या पोराने नळी काढून पुन्हा घातली. पुन्हा तोच. "काका, गाडी लय पेट्रोल पिऊन राह्यली तुमची," एवढं सांगून त्याने मला कागदाशिवाय परत पाठवलं.

डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा पंधरा दिवसांपासून पेटलेला होताच. पण गाडी चालत होती, एसी गार करत होता, आणि चालत्या गाडीच्या दिव्याकडे कोण पाहतं?

आधी या लॅम्डाचं सांगतो, कारण ते समजलं नाही तर पुढचा सगळा खटाटोप नुसता पाने फिरवण्याचा होतो. चूल पेटवणाऱ्याला हे गणित पाठ असतं. हवा कमी पडली की धूर, वारा जास्त लागला की जाळ भरकटतो आणि भांडं तापत नाही. इंजिनाचंही तसंच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, म्हणजे लॅम्डा. १ म्हणजे हिशोब चोख. माझा ०.९४ म्हणजे हवा सहा टक्के कमी, किंवा दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पेट्रोल जास्त. गॅरेजात याला 'रिच' म्हणतात आणि उलट झालं की 'लीन'.

हा आकडा एकाच्या इतका जवळ ठेवण्याचा हट्ट इंजिनाचा नाही, सायलेन्सरच्या वाटेत बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर दिलेल्या त्या जाळीला दोन परस्परविरुद्ध कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल यांना ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घ्यायचा. एकाच डब्यात दोन्ही साधायचं तर मिश्रण एकाच्या आसपासच हवं. जरा इकडे-तिकडे झालं की एक काम होतं आणि दुसरं राहतं.

आता आमच्या जिल्ह्यात इंजिनाला हिशोब चुकवायला भरपूर वाव आहे. बुलढाण्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग करतात: घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर पूर्णेच्या सखल खोऱ्यात आणि बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर. मोताळ्याहून राजूर घाट चढून वर आलं की हवा चार-पाच टक्के विरळ झालेली असते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांना हे कळत नसे. खाली बसवलेलं मिश्रण वर आलं की रिच व्हायचं. आजच्या गाडीत हवा किती आली याचा अंदाज इंजिनाच्या तोंडाशी बसलेला एक सेन्सर बांधतो, त्यावरून संगणक पेट्रोल किती फवारायचं ते ठरवतो. पण तो अंदाज बरोबर निघाला की नाही हे जळून गेल्यावरच कळतं, आणि ते सांगतो सायलेन्सरच्या पाइपात नाक खुपसून बसलेला ऑक्सिजन सेन्सर.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्यातलं काही उसाचं आणि काही मक्यासारख्या धान्याचं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला किलोमागे नऊच किलो हवा पुरते. मिश्रणाचं गणित १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. गाडीला कोणी हे सांगत नाही. तिला ते ऑक्सिजन सेन्सरकडून कळतं आणि ती आपल्या मर्यादेत फवारा वाढवून घेते. हा सेन्सर बिघडलेला असताना ई-२० ला शिव्या घालणारे मी पुष्कळ पाहिलेत.

सेन्सर दिसायला स्पार्क प्लगच्या भावासारखा. आत झिर्कोनियम ऑक्साइडची, म्हणजे एक प्रकारच्या चिनी मातीची, टोपणासारखी नळी. तिच्या बाहेरून सायलेन्सरचा वायू, आतून साधी हवा. ही माती तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की त्यातून वीज तयार होते. मिश्रण रिच असेल तर वायूत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, फरक मोठा, व्होल्टेज ०.८ ते ०.९. लीन असेल तर ०.१ च्या आसपास. संगणक मधल्या ०.४५ वर डोळा ठेवून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. तराजूचा काटा जसा हेलकावे खात मधे राहतो, तसा.

बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ मध्ये बाजारात आणला तो व्होल्वोच्या कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांसाठी. तिथले धुराचे नियम तेव्हा जगात सर्वांत कडक होते. व्होल्वोला या वस्तूचं इतकं कौतुक, की गाडीच्या पुढच्या जाळीवर 'लॅम्डा सॉन्ड' असा बिल्ला लावला जायचा. आपल्याकडे एक अडसर वेगळाच होता. पेट्रोलमधलं शिसं सेन्सरलाही मारतं आणि कन्व्हर्टरलाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं, तेव्हा कुठे खेड्यापाड्यात फिरणाऱ्या गाडीतही हा सेन्सर टिकू शकेल अशी स्थिती आली.

वरच्या वर्णनातला 'तापली की' हा शब्द महत्त्वाचा. तीनशे अंशांच्या खाली ही माती मुकी असते. सुरुवातीचे सेन्सर सायलेन्सरच्याच उष्णतेवर तापायचे, त्यांना वेळ लागायचा. म्हणून पुढे आत विजेचा छोटा हीटर आला. आमच्या गावातली गाडी बाजार, बसस्टँड, शाळा असं दोन-दोन किलोमीटर धावते. हीटर नसेल तर सेन्सर जागा होईपर्यंत आपण घरी पोचलेलो असतो. माझ्या गाडीचा हाच हीटर गेला होता.

हे कळलं ते मोबाइलला ब्लूटूथने जोडायच्या एका छोट्या स्कॅनरने. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात तो खोचला आणि कोड आला पी०१३५: पहिल्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. इथे बहुतेक जण थेट नवा सेन्सर मागवतात आणि अनेकदा फसतात. कोड म्हणजे निकाल नव्हे, तक्रार आहे. 'मिश्रण लीन' असा कोड आला तर सेन्सर हा गुन्हेगार नसून साक्षीदार असू शकतो. कुठे हवेची नळी फाटलेली असते, कुठे पंपाचा दाब कमी असतो. सेन्सर बदलला तरी दिवा परत पेटतो, कारण नवा साक्षीदारही तेच सांगतो. हीटरच्या कोडचं तसं सोपं आहे, पण तिथेही आधी फ्यूज पाहायचा. माझा फ्यूज शाबूत होता. मग सेन्सरचा कपलर सोडवला. चार तारा. त्यातल्या एकाच रंगाच्या दोन सहसा हीटरच्या. त्यांच्यावर मल्टीमीटर ओहमवर लावला. हीटर जिवंत असेल तर काही ओहमचा आकडा यायला हवा. माझा तीनशे रुपयांचा पिवळा मीटर डाव्या कोपऱ्यात नुसता १ दाखवून गप्प बसला. आतली तार तुटली होती.

सेन्सर अकोल्याहून मागवला, तीन हजारांच्या आत मिळाला. बसवायची मजुरी ऐकली तेव्हा आधी महाग वाटली. बॉनेट उघडून जागा पाहिल्यावर मात्र वाजवी वाटली.

छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं बसवलेलं असतं. माझ्या गाडीत सायलेन्सरचं तोंड इंजिनाच्या मागच्या अंगाला, आपल्या पायांसमोरच्या फायरवॉलच्या पत्र्याकडे. सेन्सर त्या दोहोंच्या बेचक्यात, तिरपा. वरून हात घातला तर मनगटापर्यंत जातो आणि तिथे अडतो. बोटांना सेन्सर लागतो पण डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळ्यांना दिसेल असं डोकं घातलं तर हात बाहेर काढावा लागतो. खालून गेलं तर चाकाकडे जाणारा दांडा आणि स्टिअरिंगचा रॅक आडवे. मी शेवटी मोबाइलचा कॅमेरा सुरू करून तो काठीला बांधला आणि आत सोडला. सेन्सर पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या बुडाशी गंजाचा तांबडा कंठा होता.

गाडीखाली जायचं म्हणजे आधी गाडी धरून ठेवायची. स्टेपनीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपू नये, पाच मिनिटांसाठीही नाही. विटांवर गाडी टेकवणारे महाभाग मी पाहिलेत. वीट पसरलेला भार पेलते, पण एका टोकावर आलेल्या भाराखाली न सांगता फुटते. मी दोन लोखंडी जॅक स्टँड आणले, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गाडी स्टँडवर टेकल्यावर खांद्याने हलवून पाहिली आणि मगच खाली सरकलो. बॅटरीची निगेटिव्ह तार आधीच काढली होती.

शेजारचे अण्णा एसटीच्या डेपोत फिटर होते. चहाचा कप घेऊन ते फाटकाशी आले. "काहून झोपले गाडीखाली?" मी सांगितलं. "ऑक्सिजनचा सेन्सर? आमच्या डिझेलले असले चोचले नव्हते," म्हणाले, पण कप कठड्यावर ठेवून वाकले. पुढचे दोन तास गेले नाहीत ते. डिझेलच्या बाजूने त्यांचं म्हणणं आता खरं राहिलेलं नाही, नव्या डिझेलमध्येही सेन्सरांची रांग असते. पण आट्यांबद्दल ते जे बोलले ते पुस्तकात मिळणार नाही.

या सेन्सरचे आटे बहुतेक गाड्यांत सारखेच: १८ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत दीड मिलिमीटर. षटकोन २२ चा. अडचण अशी की डोक्यातून तार निघते, त्यामुळे साधी गोटी वरून बसत नाही. त्यासाठी एका अंगाला उभी चीर असलेली खास गोटी मिळते. मी आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद केलं होतं. धातू कोमट असला की प्रसरण पावून आट्यांची पकड जरा सैल होते. गरम सायलेन्सरला मात्र हात लावायचा नाही, कातडी तिथेच राहते. गोटी बसवली, वर लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट. जोर दिला. काहीतरी फिरलं, मला आनंद झाला, आणि कळलं की सेन्सर जागचा हलला नाही, गोटीच चिरेपाशी उघडून फाकली आहे.

अण्णांनी जुन्या सेन्सरची तार कापायला सांगितली. तो तर मेलेलाच आहे. तार कापली की त्यावर बंद रिंग पाना चढतो, जो फाकत नाही. हे खरं होतं, पण तार कापली की परतीची वाट बंद. मी कटर लावला. मग खालून २२ चा रिंग पाना आणि पान्याला हातभर पाइप. इथे आणखी एक गोंधळ असतो, तो कोणी आधी सांगत नाही. सेन्सर तिरपा, तुम्ही उताणे, आणि हात त्याच्या मागून गेलेला. अशा वेळी सोडवायची दिशा कोणती? मी पहिल्यांदा पाच मिनिटं आवळतच होतो. अण्णांनी कार्डबोर्डच्या तुकड्यावर बाण काढला, तो सेन्सरच्या डोक्याच्या दिशेने धरला आणि मग मला पाना फिरवायला लावला. 'टक' असा कोरडा आवाज आला. नंतरचं बोटांनी झालं.

पण 'टक' झाल्यावर एकदम ओढून काढायचा नाही. पाव फेरी सोडायची, थोडं आवळायचं, पुन्हा स्प्रे, पुन्हा अर्धी फेरी. सुटलेल्या गंजाचा भुगा आट्यांत अडकला तर तो पुढचा आटा सोलून नेतो. "आटे गेले की नळी गेली," अण्णा म्हणाले. सेन्सर तीन हजारांचा, सायलेन्सरचा तो भाग त्याच्या कितीतरी पट.

जुना सेन्सर हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. माझ्या सेन्सरच्या टोकावर मखमलीसारखी काळी काजळी होती. रिच मिश्रणाची ती सही. टोक पांढरं खडूसारखं झालेलं असेल तर कुठेतरी सिलिकॉनचं सीलंट वापरलेलं असतं किंवा कूलंट इंजिनात झिरपत असतं, आणि ते आधी बंद केलं नाही तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो.

नवा बसवताना तीन गोष्टी. त्याच्या आट्यांना कारखान्यातूनच गंजरोधक ग्रीस लावलेलं असतं. नसेल तर थोडं आट्यांनाच लावायचं, टोकाला थेंबही नको. सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्या फक्त बोटांनी, पान्याने नाही. तिरके आटे बसले तर ते बोटांना कळतं, पान्याला कळत नाही. नंतर साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा, अंदाजाने आवळून आटे घालवू नका. फाकलेली गोटी मी बाकावर ठोकून सरळ केली होती. नव्या सेन्सरला एवढा जोर लागत नाही, त्यामुळे ती पुरली.

तारेची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. आतल्या बाजूची 'साधी हवा' बऱ्याच सेन्सरांमध्ये येते कुठून? तारेच्या तंतूंमधल्या फटींमधून, कपलरच्या बाजूने. म्हणून कपलरमध्ये ग्रीस भरलं किंवा दुसऱ्या गाडीचा सेन्सर आणून तारा डाग देऊन जोडल्या, तर सेन्सर हळूहळू गुदमरतो. ज्याला ऑक्सिजन मोजायचा आहे त्याचीच हवा आपण बंद करतो. तार सायलेन्सरपासून लांब, मूळ क्लिपांतूनच न्यायची.

कोड पुसला, इंजिन सुरू केलं. मोबाइलवर पहिल्या मिनिटातच रेघ वर-खाली होऊ लागली: ०.२, ०.८, ०.१, ०.७. अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि "ईसीजीच आहे हा" म्हणाले. नव्या गाड्यांपैकी अनेकांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याची रेघ अशी नाचत नाही, तेव्हा ती स्थिर दिसली म्हणून घाबरू नका. कन्व्हर्टरच्या मागे असलेल्या दुसऱ्या सेन्सरची रेघही शांतच असावी. ती पुढच्यासारखी नाचू लागली तर कन्व्हर्टर थकलाय.

दुसऱ्या दिवशी पीयूसीवर लॅम्डा १.०१ आला. दहा नंबरची एक छोटी गोटी मात्र इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यात कुठेतरी पडली, ती अजून सापडलेली नाही. राजूर घाटाच्या वळणांवर तिचा आवाज येतो.

सगळ्यांनी हे घरी करावं असं मी म्हणणार नाही. गाडी वॉरंटीत असेल, जॅक स्टँड नसतील, किंवा स्प्रे आणि कोमट इंजिन असूनही पाना पाइप लावून हलत नसेल, तर तिथेच थांबावं. गॅरेजवाल्याकडे गॅसची ज्योत असते, तो आटे असलेली नळी लाल करून सेन्सर काढतो. एवढं मात्र घरी प्रत्येकाला जमतं: कोड वाचणं, फ्यूज पाहणं आणि त्या दोन तारांवर मीटर लावणं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतही हाच सेन्सर आला आहे. तिथे तो उघड्यावर असतो, हात सहज पोचतो.

कप्प्यातले गेल्या दोन-तीन वर्षांचे पीयूसीचे कागद काढा आणि शेजारी ठेवून लॅम्डाचा रकाना वाचा. आकडा दरवर्षी एकाच बाजूला सरकत असेल, तर पिवळा दिवा पेटण्याची वाट पाहू नका.